सी-टॅक विमानतळाशेजारचा पर्यावरण निधी : रक्कम बरी, मुदत तोकडी

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटल-टकोमा विमानतळाच्या, म्हणजे सी-टॅकच्या, तिन्ही धावपट्ट्या उत्तर-दक्षिण आहेत. वारा फिरला की विमानांची दिशा उलटते, पण रेघ तीच राहते. त्या रेघेवर आणि तिच्या आजूबाजूला बुरिअन, सीटॅक, डि मॉइन्स, टुकविला अशी छोटी शहरं आहेत. सोमाली, इथिओपियन, व्हिएतनामी, सामोअन, मेक्सिकन, नेपाळी बोलणारे भूतानी निर्वासित, सगळे एकाच शाळेच्या पटावर सापडतील अशी ही वस्ती. तिसरी धावपट्टी २००८ मध्ये सुरू झाली. विमानांतून निघणारे अतिसूक्ष्म कण उड्डाणमार्गाखाली दहा मैलांपर्यंत मोजता येतात, हे वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवून दिलं.

विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑफ सिएटल या सार्वजनिक संस्थेने २०१६ मध्ये सीटॅक, बुरिअन आणि डि मॉइन्स या तीन शहरांसाठी १० लाख डॉलरचा पर्यावरण निधी काढला. २०१८ मध्ये त्याचा विस्तार होऊन २०१९ ते २०२३ या पाच वर्षांसाठी १ कोटी डॉलरपर्यंतचा साउथ किंग काउंटी फंड झाला (किंग काउंटी म्हणजे सिएटलचा जिल्हा). हद्दीत फेडरल वे, नॉर्मंडी पार्क आणि टुकविलाही आले. आज त्याचं नाव साउथ किंग अँड पोर्ट कम्युनिटीज फंड असं आहे. त्याची एक शाखा रोजगार आणि आर्थिक सावरणीकडे जाते, दुसरी छोट्या पर्यावरण अनुदानांची. हे परीक्षण दुसऱ्या शाखेचं आहे. या अनुदानाची रक्कम ७,५०० ते २०,००० डॉलरच्या पट्ट्यात राहिलेली आहे. प्रकल्पाची जागा हद्दीत हवी. हद्दीबाहेरच्या बेलव्ह्यू-रेडमंडकडच्या मंडळांना उत्साह असला तरी आपल्या घराजवळच्या बागेसाठी इथून पैसा मिळणार नाही.

थोडक्यात मत सांगायचं तर पाचपैकी साडेतीन. छोट्या गटाला सार्वजनिक पैसा मिळवून देणाऱ्या योजनांमध्ये ही बरीच माणसाळलेली आहे. दीड गुण कापला तो एकाच कारणासाठी : पैशाचं वर्ष आणि झाडाचं वर्ष यांचा इथे मेळ बसत नाही. अर्ज लिहिण्याआधी हे समजून घेतलं नाही तर कागदावर यशस्वी झालेला प्रकल्प दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून जातो.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू, कारण बऱ्याच जाचक वाटणाऱ्या अटींचा उगम तिथे आहे. विमानतळाची कमाई, म्हणजे विमान उतरवण्याचं भाडं, दुकानांचं भाडं, पार्किंग, ही अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार विमानतळाच्याच कामासाठी वापरावी लागते. ती बाहेर वळवली तर केंद्रीय विमान प्रशासन कारवाई करू शकतं. समाजासाठी काही सवलती आहेत, पण अरुंद. म्हणून हा निधी पोर्ट किंग काउंटीतल्या मालमत्तांवर लावत असलेल्या करातून उभा राहतो. ‘विमान कंपन्यांचा पैसा आपल्याला मिळतोय’ असं कोणी बैठकीत म्हणालं तर ते तिथेच दुरुस्त करावं. हा करदात्याचा पैसा आहे आणि त्याचा हिशेब करदात्याच्या पैशासारखाच मागितला जातो.

दुसरी गोष्ट वॉशिंग्टन राज्याच्या घटनेतली. कलम ८, उपकलम ७ प्रमाणे स्थानिक सार्वजनिक संस्थेला कोणालाही पैसा बक्षीस म्हणून देता येत नाही. गरिबांना आणि दुर्बलांना आधार एवढाच अपवाद. त्यामुळे नाव अनुदानाचं असलं तरी हातात पडतो तो करार. त्यात तुम्ही काय द्याल ते मोजता येईल असं लिहावं लागतं : किती चौरस फूट झुडूप काढलं, किती रोपं लावली, किती कार्यशाळा घेतल्या, किती माणसं आली. ‘परिसरात जागृती निर्माण करू’ हे वाक्य इथे चालत नाही. ‘सोमाली आणि स्पॅनिशमध्ये दोन-दोन तासांच्या चार कार्यशाळा, प्रत्येकी किमान पंधरा जण’ हे चालतं.

याच कारणाने बहुतेक पैसा काम झाल्यावर, बिलं दाखवून मिळतो असं धरून चालावं. छोट्या गटांची खरी कोंडी इथेच होते. समजा प्रकल्प १५,००० डॉलरचा आहे. रोपवाटिकेचं बिल नोव्हेंबरमध्ये भरलं, परतावा जानेवारीत आला, तर मधले दोन महिने ३,०००-४,००० डॉलर कोणाच्या खिशातून जाणार? याला तीन उपाय आहेत. कामाचे तुकडे पाडून दर महिन्याला छोटं बिल पाठवायचं. रोपवाटिकेकडून तीस दिवसांची उधारी आधीच लेखी घ्यायची. किंवा नोंदणीकृत संस्थेला आर्थिक प्रायोजक म्हणून घ्यायचं, म्हणजे हातची रोकड तिची वापरता येते. प्रायोजक संस्था साधारण पाच ते दहा टक्के शुल्क घेते आणि ते अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावं लागतं. शेवटी ते दहा टक्के झाडांच्या संख्येतून कापायची वेळ आलेले गट कमी नाहीत.

विम्याचंही तसंच. सार्वजनिक जागेवर स्वयंसेवक आणायचे तर दर घटनेला १० लाख डॉलरचं दायित्व-संरक्षण मागितलं जाणं नेहमीचं आहे, आणि प्रमाणपत्रावर पोर्टचं व शहराचं नाव जोडून घ्यावं लागतं. विमा एजंटाला याला आठवडा लागू शकतो, त्यामुळे करार आल्यावर धावपळ करण्यापेक्षा अर्जाच्या वेळीच दर विचारून ठेवावा.

सुरुवातीच्या छोट्या अनुदानांना जुळणीची अट होती, म्हणजे काही हिस्सा आपणही घालायचा. चालू फेरीत किती हिस्सा मागितला आहे ते अर्जपत्रकात पाहावं, पण श्रमदानाचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवावा हे बरं. अमेरिकेत स्वयंसेवकाच्या तासाचा जो राष्ट्रीय दर सर्रास वापरला जातो तो २०२३ सालासाठी ३३.४९ डॉलर होता. बारा माणसं, तीन तास, सहा शनिवार, म्हणजे २१६ तास. त्याचे होतात सुमारे ७,२३४ डॉलर. एवढी जुळणी नुसत्या सहीच्या कागदावर उभी राहते. पण कागद हवा : नाव, तारीख, आल्याची आणि गेल्याची वेळ, सही. फोटोतली डोकी मोजून तास भरलेले कोणी मान्य करत नाही. सहीचा कागद फक्त इंग्रजीत ठेवला तर आजीबाई सही न करता कामाला लागतात आणि त्यांचे तास बुडतात. रकान्यांची नावं तीन-चार भाषांत छापायला काहीच खर्च येत नाही.

भाषेच्या बाबतीत या योजनेला पूर्ण गुण. माहिती अनेक भाषांत देणं, त्या-त्या समाजातल्या माणसांना दुवा म्हणून मानधनावर घेणं, हे पोर्टने केलं आहे, आणि म्हणूनच नेहमीच्या तीन-चार मोठ्या संस्थांपलीकडचे गट अर्ज करू लागले. आपल्या अंदाजपत्रकातही दुभाष्याचं मानधन वेगळ्या ओळीत लिहावं. ‘आमच्यातलंच कोणीतरी करेल’ म्हटलं की ते काम पंधरा वर्षांच्या मुलीवर येतं, आणि तिला जपानी नॉटवीड या हट्टी तणावरचं तणनाशक सोमालीत समजावून सांगावं लागतं.

आता झाडं. या निधीतून सर्वाधिक होणारं काम म्हणजे उद्यानातल्या आणि ओढ्याकाठच्या परक्या वेली-झुडपांची सफाई आणि स्थानिक झाडांची लागवड. मिलर क्रीक, वॉकर क्रीक, डि मॉइन्स क्रीक, तसंच विमानतळाच्या उत्तरेचं नॉर्थ सीटॅक पार्क. त्या पार्कची जमीन म्हणजे आवाजामुळे विकत घेऊन रिकाम्या केलेल्या घरांची. ती पोर्टच्या मालकीची आणि भाड्याने शहराकडे, त्यामुळे परवानगीची पत्रं दोन्हीकडून लागू शकतात. कुठलीही जागा निवडली की किंग काउंटीच्या सार्वजनिक नकाशात तिचा मालक कोण ते आधी पाहावं. रस्त्याकडेची हिरवी पट्टी शहराची वाटते आणि निघते राज्याच्या महामार्ग खात्याची, मग चार महिने जातात. ओढ्याच्या काठच्या संरक्षित पट्ट्यात काम असेल तर शहराची, आणि प्रत्यक्ष पाण्यात किंवा काठ बदलणारं काम असेल तर राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचीही परवानगी हवी. खणण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या कुठे आहेत ते दाखवणाऱ्या फोन-सेवेला, कळवणं बंधनकारक आहे, आणि फुकट आहे.

हिमालयन ब्लॅकबेरी हे परकं काटेरी झुडूप नुसतं कापलं तर त्याच मोसमात परत उभं राहतं. फांद्या फूटभर ठेवून कापायच्या आणि मग जमिनीखालचा गड्डा खणून काढायचा. फांदीचं टोक जमिनीला टेकलं की तिथेही मूळ धरतं, म्हणून कापलेलं ओलं झुडूप मातीवर पसरून ठेवू नये. आयव्हीची वेल झाडावर चढली असेल तर ती ओढून खाली पाडायची नाही; तिच्यासोबत वाळकी फांदी डोक्यात येते. खोडाभोवती बुंध्याशी आणि छातीच्या उंचीला कापायची, मधला भाग सोलायचा, बुंध्याभोवती चारेक फूट जमीन मोकळी करायची. वरची आपोआप वाळते. नॉटवीडला मात्र स्वयंसेवकांनी हातच लावू नये. खोडाचा बोटभर तुकडाही रुजतो, आणि खणणं म्हणजे पसरवणं. ते काम परवानाधारक फवारणीवाल्याचं, आणि पाण्यालगत असेल तर त्याला वेगळी परवानगी. प्रस्तावात ती ओळ नसेल तर नॉटवीड असलेली जागा घेऊच नये. सफाई वसंतात करायची असेल तर घरट्यांचा मोसम सांभाळावा लागतो. उन्हाळ्याचा उत्तरार्ध त्यासाठी बरा.

मोकळ्या जागेवर पुठ्ठा आणि त्यावर लाकडाचा जाडसर भुगा, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे. एक घनयार्ड भुगा चार इंच जाडीने ८१ चौरस फूट झाकतो. २,००० चौरस फुटांना म्हणूनच पंचवीस घनयार्ड लागतात. झाडं कापणाऱ्या कंपन्या हा भुगा बहुतेक वेळा फुकट टाकून जातात, पण ट्रक वळायला जागा आणि ढीग ठेवायची शहराची परवानगी लागते. भुगा खोडाला टेकवायचा नाही. पाच-पाच फुटांवर झुडूप धरलं तर तेवढ्या जागेत ८० झुडपं बसतात. सॅलल, ओरेगॉन ग्रेप, ओशनस्प्रे, सावलीत स्वोर्ड फर्न, अशी इथली स्थानिक जात निवडावी. उघड्या मुळांची रोपं हिवाळ्यात काही डॉलरला मिळतात, तीच कुंडीत दहा-पंधरा डॉलरला. पैसे वाचवायचे तर उघड्या मुळांची घ्यावीत, मात्र ती आणल्याच्या दोन-तीन दिवसांत जमिनीत गेली पाहिजेत. स्वयंसेवकांचा शनिवार पावसामुळे पुढे ढकलला गेला की पोत्यात मुळं वाळतात.

लागवडीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. आणि इथेच ती मघाची अडचण येते. सी-टॅकला वर्षाला सुमारे ३९ इंच पाऊस पडतो, पण जुलैचा सरासरी पाऊस जेमतेम अर्धा-पाऊण इंच. पावसाळी म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात नवी रोपं मरतात ती तहानेने. लावल्यापासून दोन, खरं तर तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. ८० झुडपं, दर खेपेला दोन गॅलन, म्हणजे १६० गॅलन. वजनात सहाशे किलो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पंधरा आठवडे, एकूण २,४०० गॅलन. नळ किती दूर आहे? किल्ली कोणाकडे? ऑगस्टमध्ये, निम्मे स्वयंसेवक गावाला गेलेले असताना, पाईप कोण ओढणार?

करार मात्र साधारण वर्षाचा धरावा लागतो. वसंतात सही झाली, उन्हाळ्यात सफाई, शरदात लागवड, आणि पहिला उन्हाळा उजाडेपर्यंत अनुदान संपलेलं असतं. अहवालात मात्र ‘८० रोपं लावली’ हे आकडे चोख असतात. जगलेल्या रोपांचा आकडा कोणी मागत नाही, आणि निधीचा हा मोठा दोष आहे. दुसऱ्या वर्षी जिवंत राहिलेल्या रोपांसाठी छोटा जोड-हप्ता ठेवला असता तर थोड्याच पैशात निकाल बदलला असता.

तोपर्यंत अर्जदाराने स्वतःच तजवीज करावी. पाण्याचं सामान, म्हणजे पाईप, जोडणी, २७५ गॅलनची पिंजऱ्यातली टाकी, झाडांना बांधायच्या वीस गॅलनच्या पिशव्या, हे सगळं करार चालू असतानाच विकत घ्यावं. शहराच्या उद्यान खात्याशी देखभालीचं पत्र करून घ्यावं, आणि त्यात ‘सहकार्य करू’ असं मोघम न लिहिता कोणता नळ आणि कोणते महिने ते असावं. ८० ऐवजी ५० रोपं मागावीत आणि उरलेला पैसा जुन्या जागेच्या निंदणीवर लावावा. परीक्षकांना छोटा आकडा दिसतो खरा, पण कारण एका वाक्यात लिहिलं तर ते पटतं. आणि पुढच्या फेरीत त्याच जागेचा दुसरा टप्पा मागायला लाजू नये. नव्या जागेचा मोह हाच बहुतेक गटांना नडतो.

विमानतळाजवळ असल्यामुळे दोन गोष्टी अशा आहेत ज्या इतर कुठल्या वृक्षारोपण-मार्गदर्शिकेत सापडणार नाहीत. पहिली, पक्षी. जेट विमानांच्या वावराच्या जागेपासून १०,००० फुटांच्या आत पक्ष्यांना ओढून आणणाऱ्या गोष्टी टाळाव्यात, अशी केंद्रीय विमान प्रशासनाची मार्गदर्शक सूचना आहे. साचलेलं पाणी, उघडा कचरा, बदकांना आवडणारं मोकळं गवत यात येतं. पावसाचं पाणी जिरवणारी बाग करायची तर पाऊस थांबल्यावर ४८ तासांत खड्डा कोरडा झाला पाहिजे. या भागात हिमयुगातली घट्ट चिकट माती बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून आधी खड्डा खणून, भरून, पाणी तासाला किती इंच उतरतं ते हिवाळ्यात मोजावं. उन्हाळ्यातला आकडा फसवा असतो. वरची माती ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट अशी घालतात. घराच्या पायापासून दहा फूट दूर. हे काम पैसे घालण्याजोगं आहे. टायरच्या रबरातल्या एका रसायनाने कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरतात हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि अशा मातीतून गाळलेल्या रस्त्याच्या पाण्यात ते जगतात हेही प्रयोगांत दिसलं आहे. दुसरी गोष्ट, उंची. धावपट्टीच्या रेघेत डग्लस फर लावायचा नाही. तो दोनशे फुटांवर जातो आणि मग उड्डाणमार्गातला अडथळा म्हणून कापला जातो. तिथे व्हाइन मेपल आणि झुडपं लावावीत.

सामुदायिक भाजीबागेचा अर्ज असेल तर माती आधी तपासावी. टकोमाजवळ जवळपास शंभर वर्षं चाललेल्या तांबं गाळण्याच्या कारखान्याच्या धुरातून आर्सेनिक आणि शिसं किंग काउंटीच्या दक्षिण भागात पसरलं आहे. राज्याची मर्यादा दशलक्ष भागांत आर्सेनिक २०, शिसं २५०. आकडा वर गेला तर बाग रद्द करायची गरज नाही. खाली कापड, वर फूटभर स्वच्छ मातीचे वाफे, आणि वाटांवर भुगा, म्हणजे मुलांच्या हातापायाला उघडी माती लागत नाही. तपासणीचा खर्च अर्जात टाकावा.

आणि या पैशाकडून काय मागू नये तेही. झाडांच्या रांगेने विमानाचा आवाज कमी होत नाही. आवाज वरून येतो. घरांच्या ध्वनिरोधनासाठी पोर्टची वेगळी योजना आहे. अतिसूक्ष्म कणांवरही वीस हजारांची लागवड परिणामकारक ठरणार नाही, त्यासाठी शाळा आणि घरांच्या आतली चांगली हवागाळणी लागते. सावली, ओढ्याचं पाणी, मुलांना खेळायला जागा, शेजाऱ्यांची ओळख यासाठी हा निधी योग्य आहे. प्रस्तावात ‘हवा शुद्ध होईल’ लिहिलं की जाणकार परीक्षक तिथेच थबकतो.

लंडनच्या हीथ्रोची व्यवस्था तुलनेला बरी आहे. तिथे ध्वनिमर्यादा मोडणाऱ्या विमान कंपन्यांचा दंड हीथ्रो कम्युनिटी ट्रस्टकडे जातो आणि हाउन्स्लो, ईलिंग, स्लाउ अशा आसपासच्या भागांतल्या प्रकल्पांना मिळतो. ज्याने त्रास दिला त्याच्याच खिशातून भरपाई, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण कंपन्या सुधारल्या की दंडाचा ओघ आटतो. सी-टॅकचा कर-आधारित निधी त्या बाबतीत भरवशाचा, मात्र पोर्टच्या निवडून आलेल्या पाच आयुक्तांच्या मर्जीवर अवलंबून.

अर्ज कोणी करावा? ज्यांच्याकडे जागेच्या मालकाचं पत्र, नळाची किल्ली आणि हिशेब ठेवणारा एक चिकाटीचा माणूस आहे त्यांनी. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी ७,५०० ते १०,००० डॉलरच्या दरम्यान मागावं. २०,००० चा अर्ज आणि त्याचा अहवाल यांचं कागदी ओझं जवळजवळ सारखंच असलं तरी रोकडीची कोंडी दुप्पट होते. ज्यांना फक्त एका दिवसाचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम करून फोटो काढायचे आहेत त्यांनी शहराच्या चालू श्रमदानात सामील व्हावं. फावडी, हातमोजे आणि विमा तिथे आयते मिळतात. काम सुरू करण्याआधी जागेच्या चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकून, प्रत्येक खुंटीवरून कोणत्या दिशेला फोटो घ्यायचा ते लिहून ठेवावं. तसे सफाईआधीचे फोटो नसतील तर शेवटच्या बिलासोबत लावायला काहीच उरत नाही.